कॅलेंडरातले कोरे चौकोन

“मॅडम, मला नवीन कर्ज नकोय,” समोरची बाई म्हणाली. “आहे तेच कर्ज माझ्या कमाईवर करून पाहिजे.”

मी एका छोट्या सहकारी बँकेत बत्तीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बारा भाईंदर पूर्वेच्या शाखेत, कर्ज विभागात. कर्ज वाढवून मागणारे पाहिले, बुडवणारे पाहिले, व्याज माफ करा म्हणून टेबलावर डोकं टेकवणारेही पाहिले. कर्ज आपणहून अंगावर ओढून घेणारं गिऱ्हाईक मात्र पहिलंच होतं. मी चष्मा काढला. मला विचार करायला वेळ हवा असला की मी चष्मा पुसते.

बाईंचं नाव मनीषा तांबे. नवघरला वन बीएचके. कर्ज आमच्याच शाखेचं, नऊ वर्षांपूर्वीचं. नवरा संतोष तांबे मस्कतला एका कंपनीत एसी टेक्निशियन. हप्ता त्याच्या पगारातून दर महिन्याला जायचा, एकदाही चुकलेला नाही. बँकेच्या भाषेत असं खातं म्हणजे सोनं. त्याला कोणी हात लावत नाही.

“हप्ता नीट जातोय ना? मग काय अडलंय?”

“मॅडम, त्यांना परत आणायचंय.”

“आजारी आहेत का?”

“नाही हो. ठणठणीत आहेत. नऊ वर्षं झाली, म्हणून आणायचंय.”

मग तिने सगळं सांगितलं. संतोषचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्याच्या पंचवीस तारखेला संपत होतं. पुढच्या तीन वर्षांचा कागद कंपनीने त्याच्यापुढे ठेवला होता. आज तीन तारीख. मनीषाने फोनवर सांगितलं, सही करू नका, या. तो म्हणाला, हप्ता कोण भरणार? ती म्हणाली, मी. तो हसला. वाईट हसला नाही, नेहमीसारखं प्रेमानेच हसला, पण हसला. शेवटी म्हणाला, “ठीक आहे. बँकेने लिहून दिलं की हप्ता तुझ्या कमाईवर चालतो, तर मी सही करत नाही.”

“त्यांना वाटतंय बँक असं कधी लिहून देणार नाही,” मनीषा म्हणाली. “मला पण तसंच वाटतंय. पण विचारायला काय जातंय?”

फाइल मागवली. पहिल्याच पानावर माझं अक्षर होतं. त्या काळी फॉर्म हाताने भरायचो. मुख्य अर्जदार संतोष तांबे, व्यवसाय नोकरी. सह-अर्जदार मनीषा तांबे, व्यवसाय गृहिणी, मासिक उत्पन्न शून्य.

“तेव्हा तुम्ही काहीच करत नव्हता ना?” मी विचारलं.

“आठ-दहा डबे करत होते. मी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही म्हणालात, ते राहू दे, त्याचे कागद लागतील. साहेबांचा पगार पुरेसा आहे, गृहिणी लिहिते.”

मला आठवलं नाही. पण मी असं म्हणालेच असणार, कारण मी सगळ्यांनाच तसं म्हणायचे. फाइल सुटसुटीत राहते. एका अर्जदाराचा पगार पुरला तर दुसऱ्याच्या कमाईच्या भानगडीत कशाला पडायचं? अशा किती बायकांच्या नावापुढे मी शून्य लिहिलं असेल, देव जाणे. आणि मी स्वतः नोकरी करणारी बाई. दुसऱ्यांकडे कागद मागत बसणारी.

आता गंमत पाहा. नऊ वर्षांत तिचे आठ डबे बावीस झाले होते. दुपारी साड्यांना फॉल-बिडिंग. श्रावणापासून दिवाळीपर्यंत पुरणपोळ्या, मोदक, मग फराळ. तीन-तीन जोडधंदे, आणि या पैशातून तिने सहा लाखांच्या ठेवी केल्या होत्या. घरखर्चाला नवऱ्याच्या पैशाला हात लावायचा नाही असा तिचा नियम होता. पण बँकेच्या दृष्टीने तिची कमाई अजून शून्यच. दुकानाचा परवाना नाही, इन्कम टॅक्स रिटर्न नाही. निम्मी गिऱ्हाइकं मोबाइलवरून पैसे देत, तेवढं खात्यात दिसत होतं. बाकी रोख.

नियम सोपा करून सांगते. माणसाच्या हातात जे निव्वळ उत्पन्न येतं, त्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाऊ नये, असं बँक बघते. उरलेल्या निम्म्यात त्याने खायचं, प्यायचं, आजारी पडायचं. तांब्यांचा हप्ता होता पंचवीस हजारांचा. म्हणजे मनीषाची कमाई पन्नास हजार दाखवावी लागली असती. ते जमणारं नव्हतं.

“सहा लाख कर्जात भरा,” मी म्हणाले. “एकवीस लाख बाकी आहेत, ते पंधरावर येतील.”

“नऊ वर्षं भरून एकवीस?” तिचा चेहरा उतरला. “घेतले होते अठ्ठावीस.”

हा धक्का प्रत्येकाला बसतो. सुरुवातीची वर्षं हप्त्यातला मोठा वाटा व्याजच खातं, मुद्दल मुंगीच्या पावलांनी उतरतं. मी हे शेकडो वेळा समजावून सांगितलंय. त्या दिवशी सांगताना मात्र मला वाटलं की या बाईचा नवरा नऊ वर्षं परदेशी राहिला आणि त्यातली जेमतेम दोन-अडीच वर्षं घराला लागली.

दुसरी अडचण होती. कर्जात मोठी रक्कम आगाऊ भरली की बँक मुदत कमी करते, हप्ता तोच ठेवते. हप्ताच कमी करून मागितला की बँकेच्या भुवया वर जातात. का हो, कमाई कमी होणार आहे का? इथे तर मुख्य अर्जदाराची कमाई चक्क बंद होणार होती. म्हणजे प्रकरण हेड ऑफिसला जाणार, आणि त्याआधी मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर.

आमचे मॅनेजर शिरोडकर साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान. माणूस सज्जन, पण कागदाशिवाय त्यांना भूक लागल्याचंही पटत नसे.

“राऊत मॅडम, चांगलं चाललेलं खातं आपण कशाला उकरायचं?”

“साहेब, सहा लाख आगाऊ येतायत. जोखीम कमी होतेय.”

“पगार जातोय ना पण! आणि त्या बदल्यात काय येतंय? डबे!”

“डबे खाणारे पगारदारच आहेत, साहेब.”

ते हसले नाहीत. “उत्पन्नाचा पुरावा आणा. तीन वर्षांचा. मग बघू.”

त्याच संध्याकाळी मनीषाने मला संतोषशी व्हिडिओ कॉलवर बोलायला लावलं. खरं म्हणजे हे माझं काम नव्हतं. पण माझ्या अक्षरातलं ते शून्य मला टोचत होतं.

पडद्यावर एक टक्कल पडत चाललेला, दमलेला, हसरा माणूस दिसला. मागे लोखंडी दुमजली कॉट. वरच्या कॉटवरून कुणाचा तरी पाय लोंबकळत होता.

“मॅडम, तुम्ही तरी तिला समजवा. मी मीरा रोडला, पूनम सागरच्या भागात एक वन आरके बघून ठेवलाय. बुकिंगला सहा लाख लागतायत. भाड्याने दिला की म्हातारपणाची सोय झाली. सगळे तेच सांगतायत मॅडम, सेकंड इन्कम पाहिजे म्हणून.”

“भाडं किती येईल?”

“दहा-बारा.”

“आणि हप्ता?”

त्याने टकलावरून हात फिरवला. “वीसच्या आसपास.”

“म्हणजे वरचे आठ-दहा हजार तुमच्या पगारातून. नवघरचा हप्ता तो वेगळाच. अशाने अजून किती कॉन्ट्रॅक्टं?”

“दोन. फार तर तीन.”

“म्हणजे नऊ वर्षं.”

वरच्या कॉटवरचा पाय आत गेला. संतोषने इअरफोन नीट केले आणि आवाज खाली आणला.

“मॅडम, मी काय हौसेने राहतोय का इथे? चव्वेचाळीस झाली मला. तिथे येऊन कोणाच्या दारात उभा राहू? इथे मी महिन्याला पैसे पाठवतो, तर माझी काहीतरी किंमत आहे. तिथे आल्यावर नुसता बसलेला माणूस होणार मी.”

मनीषाने त्याचा निरोप घेतला. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “बसू दे की. बसलेला कधी बघितलाय मी त्यांना? आले की सारखे पंखे पुसत असतात.”

घरी जाताना माझ्या डोक्यातून ते जाईना. का, ते सांगते. आमचंही घर कर्जावरचंच होतं. स्टाफचा व्याजदर, तरी मला ते लवकर संपवायची घाई. दर दिवाळीला बोनस कर्जात. आमच्या यांना समुद्रकाठी गावी जाऊन राहायचं होतं. स्वेच्छानिवृत्ती घेऊ म्हणायचे, मी म्हणायचे, आधी कर्ज. त्यांचं म्हणणं मी पाच वर्षं पुढे ढकललं आणि कर्ज मुदतीच्या पाच वर्षं आधी फेडलं. घराचे मूळ कागद सोडवून आणले त्याच्या दोन महिने आधी ते गेले. कागद अजून त्याच पाकिटात आहेत. मी लोकांना सल्ला द्यायला बसत होते तो हा अनुभव घेऊन.

दुसऱ्या दिवशी मी पाहणीला नवघरला गेले. कागद नसले तरी कमाईच्या खुणा असतात, त्या शोधणं हेही आमचंच काम. डबेवाली बाई महिन्याला किती गॅस सिलिंडर संपवते, किती तांदूळ घेते, गिरणीत किती दळण जातं, यावरून डब्यांचा अंदाज बांधता येतो. मी आधी तिच्या किराणावाल्याकडे गेले. शेठ गल्ल्यावर बसून वाटाणे निवडत होते.

“मनीषा भाभी? अरे मॅडम, उनके जैसा कस्टमर नहीं. नौ साल में एक बार उधार नहीं. महीने का तीस किलो आटा, पंद्रह किलो चावल अलग. गुड का तो पूछो मत.”

“हर महीने?”

“हर महीने.” ते थांबले आणि हसले. “बस, दो साल में एक महीना गायब हो जाती है. आधा किलो, पाव किलो, घर जितना. मैं समझ जाता हूँ, भाई साहब आए हैं.”

मी ते डायरीत लिहून घेतलं. त्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही.

घर दोन खोल्यांचं, चकचकीत. हॉलमध्ये शिवणयंत्र, त्यावर घडी केलेल्या साड्या. स्वयंपाकघरात बावीस डबे पालथे घातलेले. मी तीन वर्षांचा काही हिशोब ठेवलाय का विचारलं. मनीषा जरा घुटमळली.

“वही नाही ठेवली मॅडम. मी कॅलेंडरावर लिहिते.”

आता हे काही विशेष नाही. आपल्या घराघरांत भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाच्या पिशव्या, गॅस लावल्याची तारीख, बाई आली नाही, इस्त्रीचे कपडे, सगळं त्या इवल्याशा चौकोनांत मावतं. पण तिने माळ्यावरून पिशवी काढली त्यात नऊ कॅलेंडरं होती. दरवर्षीचं एक, गुंडाळून, वर रबर लावून.

मी चालू वर्षाचं उघडलं. प्रत्येक चौकोनात तीन ओळी. ‘२२ ड. जोशी सुट्टी.’ ‘४० पु.पो. रोख.’ ‘फॉल ६.’ कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले, सगळं होतं. राहिलेल्यांवर गोल, आल्यावर गोलावर काट. मी बत्तीस वर्षांत ऑडिट झालेले ताळेबंद पाहिले, पण इतका खरा हिशोब फार थोड्या वेळा पाहिला. मला एकदम हुरूप आला.

“मनीषा, हेच द्यायचं. गेल्या तीन वर्षांची कॅलेंडरं. झेरॉक्स काढून साक्षांकित करू.”

तिने बाकीची कॅलेंडरं पिशवीत सारली. मग म्हणाली, “झेरॉक्स काढायलाच पाहिजे का? म्हणजे... त्यात दुसरंही लिहिलंय.”

तेव्हा मी नीट पाहिलं. हिशोबाच्या खाली, चौकोनाच्या अगदी तळाशी, पेन्सिलने बारीक अक्षरं होती. ‘आवाज बसलाय. विचारलं तर नाही म्हणाले.’ ‘आज फोन नाही.’ ‘फोन नाही.’ ‘आला. नेट नव्हतं म्हणे.’ ‘निळा शर्ट, तोच.’

तिने एक जुनं कॅलेंडर काढून माझ्यापुढे धरलं. तिची मुलगी ऋचा तेव्हा चार वर्षांची होती. बाप तिला फोनच्या पडद्यावर दिसायचा तेवढाच. एका गुरुवारच्या चौकोनात ‘१४ ड.’ आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘ऋचा विचारते, पप्पा उंच आहेत का.’

मी कॅलेंडर गुंडाळलं. रबर लावून तिच्या हातात परत दिलं.

“हे असं कोणाला दाखवायचं नाहीये मॅडम,” ती म्हणाली. “त्यांना पण माहीत नाही. आले की मी ही पिशवी माळ्यावर टाकते.”

मग आम्ही दोघींनी एक उद्योग केला. शनिवारी दुपारी शाखेच्या झेरॉक्स मशीनजवळ बसून, जुन्या व्हाउचरच्या मागच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या आणि छत्तीस महिन्यांच्या चौकोनांचा तळ झाकत पान पान झेरॉक्स काढली. वरचा हिशोब दिसेल, खालचं दिसणार नाही. प्यूनने विचारलं, “मॅडम, काय चाललंय?” मी म्हटलं, “गोपनीय.” इतक्या वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा योग्य ठिकाणी वापरला.

बेरीज केली. सगळा खर्च वजा जाता तिची निव्वळ कमाई महिन्याला तेहतीस हजार निघत होती. पंधरा लाखांच्या बाकीला, उरलेल्या अकरा वर्षांत, हप्ता येत होता अठरा हजार. निम्म्याचा नियम मोडत होता, दीड हजारासाठी.

“मुदत दोन वर्षं वाढवली तर हप्ता साडेसोळाच्या आत येतो,” मी तिला सांगितलं. “पण एरवी मी कोणालाही हा सल्ला देत नाही. व्याज वाढतं. शहाण्या माणसाने मुदत कमी करावी.” आणि मी तिला किती व्याज वाढेल तो आकडा कागदावर लिहून दाखवला. लाखांत होता.

तिने तो आकडा बघितला. “एवढंच?” ती म्हणाली. “तेवढ्यात माणूस स्वस्त पडला.”

शिरोडकर साहेबांनी छत्तीस पानं एकेक करून पाहिली.

“राऊत मॅडम, कॅलेंडर हे डॉक्युमेंट आहे का?”

“साहेब, तुमच्या घरी दूधवाल्याशी भांडण झालं तर तुमच्या मिसेस काय दाखवतात?”

“कॅलेंडर.”

“आणि कोण जिंकतं?”

ते या वेळी हसले. पण पानं उलटणं थांबवलं नाही. एका पानावर त्यांचं बोट अडकलं. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. पहिल्या तारखेपासून एकतिसाव्यापर्यंत सगळे चौकोन कोरे. डबा नाही, फॉल नाही, दूधसुद्धा लिहिलेलं नाही.

“हे बघा. महिनाभर उत्पन्न शून्य. म्हणजे धंदा अनियमित आहे. हेड ऑफिस इथेच बोट ठेवणार.”

मी ते पान मशीनवर ठेवताना पाहिलं होतं. त्या पानावर पट्ट्या लावाव्या लागल्या नव्हत्या, कारण झाकायला तळाशीही काही नव्हतं. नऊ वर्षांत तिने काहीच लिहिलं नाही असे महिने मोजकेच होते. तेव्हा वाटलं, लिहायचं राहून गेलं असेल. आता किराणावाल्या शेठचं बोलणं डायरीत सापडलं.

“साहेब, नवरा आला होता.”

“मग?”

“मग काही नाही. दोन वर्षांनी एक महिना तो येतो. त्या महिन्यात ती कोणाचं काही करत नाही. गिऱ्हाइकांना आधी सांगून ठेवते. पुढच्या महिन्याचं पान बघा, एक तारखेला सगळेच्या सगळे डबे परत सुरू. एकही गिऱ्हाईक सुटलेलं नाही.”

साहेबांनी जून पाहिला. परत मे पाहिला. त्या कोऱ्या पानाकडे ते जरा जास्तच वेळ बघत बसले. त्यांच्या मिसेस तेव्हा बदलीच्या गावी, कोल्हापूरला होत्या, हे मला माहीत होतं. मी चष्मा पुसत बसले.

“शेऱ्यात काय लिहायचं?” त्यांनी विचारलं.

“वार्षिक सुट्टी.”

“दोन वर्षांतून एकदा येणारी वार्षिक सुट्टी?”

“मग द्वैवार्षिक लिहा.”

त्यांनी लिहिलं, ‘नियोजित सुट्टी. व्यवसायात सातत्य आहे.’ आणि सही केली. सोबत मी अट घातली, मनीषाने यंदापासून रिटर्न भरायचं आणि डब्यांची नोंदणी करून घ्यायची. हेड ऑफिसने दोनदा खुलासे मागितले. मी फोनवर जितकी भांडले तितकी स्वतःच्या प्रमोशनसाठीही भांडले नव्हते. बावीस तारखेला मंजुरीचं पत्र आलं. मनीषाने बँकेच्या दारातच त्याचा फोटो काढून मस्कतला पाठवला.

उत्तर आलं नाही. दोन निळ्या खुणा आल्या, म्हणजे त्याने वाचलं होतं. तेवीस गेली, चोवीस गेली. पंचवीसला मनीषाचा मला फोन आला, तिचा आवाज अगदी सपाट होता. “मॅडम, त्यांनी अजून काही सांगितलं नाही. डबे पोचवून आले. जेवण जात नाहीये.” मी तिला आधी दोन घास खा म्हटलं. बँकेच्या पत्राने माणूस येत नाही, हे मला तरी कुठे आधी सुचलं होतं? हप्ता हे त्याचं कारण होतं की निमित्त, हे कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

सव्वीसला दुपारी ती शाखेत आली. तिने फोन माझ्यापुढे धरला. फोटो होता. कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं पान, सहीची जागा रिकामी. खाली त्याने लिहिलं होतं, ‘तिकडे आल्यावर मला काहीतरी काम दे. नुसतं बसवू नकोस.’

ती माझ्या टेबलाशी उभ्या उभ्या रडली. मीही रडले. रांगेत पेन्शनवाले आजोबा होते, ते म्हणाले, “मॅडम, पासबुक भरून देता का, मग रडा.”

हातातली कामं दुसऱ्याकडे सोपवून संतोष दीड महिन्याने आला. पुरवणी करारावर सही करायला दोघं शाखेत आले. तो चांगला उंच होता. मी आधी तेच पाहिलं.

आता फॉर्म कॉम्प्युटरवर. मुख्य अर्जदार मनीषा तांबे, व्यवसाय स्वयंरोजगार. सह-अर्जदार संतोष तांबे. व्यवसाय?

संतोष खुर्चीत अवघडला. “आता काय सांगू मॅडम... काहीच नाही. शून्य लिहा.”

“शून्य नाही लिहायचं,” मनीषा पटकन म्हणाली. ती माझ्याकडे बघत होती, त्याच्याकडे नाही. “घरी असतात, असं लिहा.”

कॉम्प्युटरच्या यादीत तसा पर्याय नव्हता. नोकरी, स्वयंरोजगार, निवृत्त, गृहिणी, इतर. मी ‘इतर’ निवडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘घरी असतात.’ शिरोडकर साहेबांनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता मंजूर केलं.

त्यानंतर नोकरीची दोन वर्षं मी कोणाही बाईच्या नावापुढे विचारल्याशिवाय गृहिणी लिहिलं नाही. सकाळी उठल्यापासून काय काय करता, ते सांगा म्हणायचे. फाइली जाड झाल्या, साहेब कुरकुरले. तरुण जोडपी दुसऱ्या फ्लॅटचं कर्ज घ्यायला, जोड-उत्पन्नाचे तक्ते घेऊन येत. तक्ते चांगलेच असायचे. मी एवढंच विचारायचे, की हे सगळं उभं राहील तेव्हा तुम्ही दोघं कुठे असाल? काहींना राग यायचा. एकजण तर म्हणाला, मॅडम, तुम्ही कर्ज विभागात आहात की विवाह मंडळात?

निवृत्त झाल्यावर गेल्या होळीला मी पुरणपोळ्या आणायला नवघरला गेले. संतोष आता डबे पोचवतो, आणि उन्हाळ्यात मीरा रोडपर्यंत एसी दुरुस्तीला जातो. दाराआड नवीन कॅलेंडर होतं. चौकोनांत आता दोन अक्षरं, तिचं आणि त्याचं. त्याचं अक्षर मोठं, चौकोनाबाहेर जाणारं. तळाशी पेन्सिलीचं काही नव्हतं. पण प्रत्येक महिन्यातला दुसरा बुधवार कोरा होता.

“बुधवारी काय असतं?” मी विचारलं.

“काही नाही. त्या दिवशी ऑर्डर घेत नाही.”

“का ग? आता तर ते घरीच आहेत.”

“म्हणूनच,” ती म्हणाली आणि पोळ्या बांधायला आत गेली.

माझ्याही स्वयंपाकघरात कॅलेंडर आहे. दूध एक पिशवी, ती मी लिहीत नाही. सगळे चौकोन कोरे आहेत. कर्ज नाही, ठेवी आहेत, पेन्शन वेळेवर येतं. समुद्रकाठच्या त्या गावाला जायची गाडी पहाटे सुटते, हे मला माहीत आहे. दोन तिकिटांचे पैसे कधीच साठले होते.